शाळेत चौकशी लागली तर काय करायचं? खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी

पहिलंच सांगतो, पत्र घ्या. संस्थेचा शिपाई घरी आला, पोस्टमन आला, हेडसरांनी ऑफिसात बोलवून हातात दिलं, काहीही असू दे, घ्यायचं. आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना वाटतं की सही केली म्हणजे आरोप मान्य केला, मग पाकीट परत पाठवायचं, घरात नाहीत म्हणून सांगायचं असले प्रकार होतात. तिथंच निम्मी केस जाते, कारण पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की पत्र तुम्हाला मिळालंच असं धरतात, मुदत सुरू होते आणि आत काय लिहिलंय ते तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत असतं. सही करताना वर 'फक्त प्रत मिळाली' असं लिहा, तारीख वेळ टाका, झालं. आणि ते पाकीट फाडून टाकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढं लई कामाला येतो.

मी चौकशी समितीवर कर्मचाऱ्याच्या बाजूचा सदस्य म्हणून बऱ्याचदा बसलोय, कागल गडहिंग्लजपासून कोल्हापूर शहरातल्या पेठांतल्या शाळांपर्यंत, म्हणून हे लिहितोय. हे खाजगी शाळांपुरतंच आहे, अनुदानित असो नाहीतर विनाअनुदानित. या शाळांना १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागते, सगळे त्याला एमईपीएस म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं वेगळं, त्यांना १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत, तिथं चौकशी अधिकारी असतो, तीन जणांची समिती नसते. त्यामुळं झेडपीतल्या मेव्हण्याचा सल्ला ऐकून खाजगी शाळेतली केस चालवू नका, दोन्हीकडची वाट वेगळी आहे.

आधी हातात काय आलंय ते बघा

सगळीच पत्रं सारखी नसतात. नियम २९ मध्ये शिक्षा दिल्यात आणि त्यांचे दोन गट आहेत. ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं आणि तुमच्या चुकीनं संस्थेचं पैशाचं नुकसान झालं असेल तर ते वसूल करणं, या किरकोळ शिक्षा. त्याला समिती लागत नाही, तुमचा खुलासा मागवून निर्णय होतो. पदावनती आणि सेवासमाप्ती या मोठ्या शिक्षा, त्या समितीच्या चौकशीशिवाय कायम शिक्षकाला देताच येत नाहीत. आणि मोठ्या शिक्षेसाठी कारण कुठलंही चालत नाही, नियम २८ मध्ये चारच गट आहेत, गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून आणि सतत केलेली हयगय, आणि अकार्यक्षमता. तुमच्या पत्रात यातला कुठला शब्द आहे त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. एकही नसेल तर तीच गोष्ट खुलाशात लिहायची.

प्रोबेशनवर असाल तर थोडं सांभाळून. काम समाधानकारक नाही म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन संस्था कमी करू शकते. पण 'काम बरं नाही' हे नाव पुढं करून आत गैरवर्तनाचा डाग लावला असेल तर मात्र चौकशी का केली नाही हा प्रश्न उभा राहतो, तेवढं लक्षात ठेवा.

खुलासा: सात दिवस

मोठ्या प्रकरणात सुरुवात आरोपांच्या पत्रानं होते, ते रजिस्टर एडीनं, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानं यायला पाहिजे, आणि मिळाल्यापासून सात दिवसांत तुमचा लेखी खुलासा. इथं दोन टोकं मी बघितलीत. एक म्हणजे चार ओळींत 'सर्व आरोप खोटे व बिनबुडाचे आहेत' आणि खाली सही. दुसरं म्हणजे रात्री जागून लिहिलेली बारा पानं, त्यात सचिवांच्या भावकीपासून भरतीत कुणाला किती द्यायला लागले इथपर्यंत सगळं काढलेलं. पहिल्यानं काही साध्य होत नाही आणि दुसऱ्यानं नुकसान होतं, कारण रागात लिहिलेलं एखादं वाक्य पुढं 'कर्मचाऱ्यानं संस्थेची बदनामी केली' म्हणून नवीन आरोप होऊन परत येतं.

करायचं असं, आरोपाला नंबर नसतील तर आपण द्यायचे आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर. समजा पत्रात लिहिलंय की 'आपण वारंवार विनापरवानगी गैरहजर असता व आपले वर्तन शिक्षकी पेशास अशोभनीय आहे'. यात तारीख नाही, तास नाही, वर्ग नाही, अशोभनीय म्हणजे नेमकं काय तेही नाही. तर खुलासा असा:

'आरोप क्र. १ बाबत, कोणत्या तारखांना मी गैरहजर होतो याचा उल्लेख पत्रात नाही. जून ते नोव्हेंबर या काळातील हजेरीपत्रकाच्या व रजा अर्जांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, त्यानंतर तारीखवार खुलासा सादर करेन. तूर्त, या काळात घेतलेल्या प्रत्येक रजेचा अर्ज दिलेला आहे असे नम्रपणे नमूद करतो. आरोप क्र. २ मध्ये कोणतीही घटना, स्थळ, दिनांक नमूद नसल्याने त्यास उत्तर देणे शक्य नाही. आरोप अमान्य आहे.'

एवढंच. नम्र, कोरडं, मुद्द्याचं. शेवटची ओळ विसरू नका, आरोप अमान्य आहे हे स्पष्ट शब्दांत पाहिजे. कागद मागितला आणि त्यांनी दिला नाही तर ते त्यांच्या अंगावर येतं, पण त्यासाठी तुम्ही लेखी मागितलेला असला पाहिजे, स्टाफरूममध्ये क्लार्कला तोंडी विचारलं होतं हे कुणी धरत नाही. आणि खरंच काही चुकलं असेल, रजा न टाकता गेला असाल, तर ते लपवू नका, तेवढं मान्य करा आणि कारण लिहा. मस्टर खोटं बोलत नाही, आणि एका ठिकाणी खोटं सापडलं की बाकीचं खरंही कुणी मानत नाही.

खुलासा द्यायचा तो ऑफिसच्या आवक नोंदवहीत नंबर पाडून, आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन. आवकवाला क्लार्क 'साहेब नाहीत, उद्या या' म्हणाला की त्याच्याशी भांडत बसू नका, सरळ पोस्टात जा. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, तरी पावती आणि पोच मिळते, ती मागून घ्या आणि पोस्टाच्या साइटवरचं डिलिव्हरीचं पान प्रिंट काढून त्याच दिवशी फाईलला लावा, नंतर ते तिथं दिसत नाही.

निलंबन आणि राजीनामा

निलंबनाला नियम ३३ आणि ३५ आहेत. संस्थेनं शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन निलंबित करायचं असतं, आपल्याकडं म्हणजे नागाळा पार्कात झेडपीतल्या शिक्षणाधिकारी माध्यमिक यांची. मुदत चार महिने, त्यापुढं न्यायचं तर परत परवानगी. पहिले चार महिने निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या हिशोबानं आणि त्यावर डीए. परवानगी घेतलेली असेल तर हे चार महिने भत्ता नेहमीच्या पगाराच्या वाटेनं येतो, पुढचा संस्थेनं स्वतः द्यायचा, आणि परवानगी न घेता घरी बसवलं असेल तर पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खिशातून. म्हणून निलंबनाची ऑर्डर मिळाली की त्यात परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा. नसेल तर शिक्षणाधिकारी ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

भत्ता दोनच गोष्टींनी अडतो, निलंबनात दुसरी खाजगी नोकरी केली किंवा परवानगीशिवाय मुख्यालय, म्हणजे नोकरीचं गाव सोडलं. त्यामुळं क्लास घ्यायला बसू नका, आणि पुण्याला पोरीकडं जायचं असलं तरी आधी लेखी परवानगी. दर महिन्याला 'मी इतरत्र नोकरी करत नाही' असं पत्र देऊन टाका, मागायची वाट बघू नका. भत्ताच मिळाला नाही, आणि त्यामुळं चौकशीला यायलाही पैसे नव्हते, अशा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये अख्खी चौकशीच मोडीत काढली होती, म्हणजे भत्त्याचा मुद्दा किरकोळ नाही. मिळत नसेल तर दर महिन्याला लेखी तक्रार पाहिजेच.

आता राजीनामा. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात. संस्थेतलं कुणीतरी जवळचं माणूस संध्याकाळी घरी येतं, चहा घेतं, आणि म्हणतं सर कशाला तमाशा, राजीनामा द्या, पेन्शनीचं आम्ही बघतो, पोरांची लग्नं व्हायचीत अजून. देऊ नका. निलंबित असताना आणि चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा स्वीकारायचाच नाही असं नियम ३३ सांगतो. आणि एरवीसुद्धा कायद्याच्या कलम ७ प्रमाणं राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला, एक आपल्याकडं, अशी पद्धत आहे. ही तजवीज केलीय ती नेमकी कोऱ्या कागदावर सह्या घेतात म्हणून. नेमणुकीच्या वेळी कुणी तुमच्याकडून कोरा सही केलेला कागद घेतलेला असेल तर आजच शिक्षणाधिकाऱ्यांना तसं कळवून ठेवा, वेळ आल्यावर सांगितलेलं कुणाला पटत नाही.

समितीवर तुमचा माणूस

या सगळ्या भानगडीत एकच गोष्ट पूर्ण तुमच्या हातात असते आणि तीच लोक सगळ्यात हलक्यात घेतात. चौकशी समिती तिघांची. एक संस्थेच्या कार्यकारिणीतला, तोच निमंत्रक असतो. एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला, तो मुख्य कार्यकारी अधिकारी निवडतो, म्हणजे झेडपीचा सीईओ नव्हे, संस्थेचा सचिव किंवा संस्थेनं अधिकार दिलेला माणूस. आणि तिसरा तुम्ही नेमायचा. खुलासा पटला नाही म्हणून संस्थेनं चौकशी ठरवली की नाव मागणारं पत्र येतं, ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत नाव कळवायचं, सोबत त्या माणसाची लेखी संमती. नाही कळवलं तर दोघांचीच समिती झाली असं धरतात आणि ते दोघं कोण ते वर वाचलंतच. 'मी ह्या समितीला मानत नाही' म्हणून नाव न देणारे शिक्षक मी बघितलेत, तत्त्वाला धरून बसले आणि आत आपला एक डोळाही ठेवला नाही.

नाव कुणाचं द्यायचं? तो कुठल्यातरी खाजगी शाळेचा कर्मचारी असला पाहिजे, त्यामुळं वकील चालत नाही, रिटायर झालेले सर चालत नाहीत, झेडपीचा शिक्षक चालत नाही. तुमच्याच शाळेतला नको, त्याला तिथंच पगार घ्यायचाय, त्याच्यावर हा भार टाकणं बरोबर नाही. जिगरी दोस्तही नको. तो तुमच्यासाठी भांडेल पण वाचणार नाही, आणि या कामाला वाचणारा माणूस लागतो. हे नीट समजून घ्या की तो तुमचा वकील नसतो. तो समितीचा सदस्य आहे, निर्णय देणारा आहे, त्याला पुरावा बघून मत लिहायचंय. तुमची बाजू तुम्हालाच मांडायची आहे. त्याचं काम एवढंच की बैठक नियमानं चालतीय का, तुम्हाला कागद दिले का, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले का, हे बघणं, आणि नसेल तर त्याच वेळी रोजनाम्यात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत लिहायला लावणं. म्हणून दुसऱ्या संस्थेतला, शांत डोक्याचा, नियमावली घेऊन बसणारा आणि दोघं एकीकडं झाले तरी आपलं वेगळं मत कारणासकट लिहायची छाती असलेला माणूस शोधा. शिक्षक संघटनेत विचारा, असे लोक असतात. पंधरा दिवसांतले पहिले चार दिवस फक्त ह्याच शोधात गेले तरी चालतील.

हे एवढं का सांगतोय तर निष्कर्ष तिघांनी मिळून बसून एकत्र काढायचे असतात. संस्थेच्या सदस्यानं एक अहवाल लिहिला, दुसऱ्यानं वेगळा पाठवला असं चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच शाळेच्या केसमध्ये हे सांगितलंय. तुमचा सदस्य आत बसलेला असला तरच अहवाल खरंच एकत्र झाला का आधीच टाइप होऊन आला हे कळतं.

बैठका

समिती झाल्यावर सात दिवसांत रीतसर आरोपपत्र येतं, हे पहिल्या आरोपांच्या पत्रापेक्षा वेगळं. मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याचा खुलासा आणि तुमच्या साक्षीदारांची नावं निमंत्रकाकडं द्यायची. साक्षीदार कमी द्या पण टिकणारे द्या. स्टाफमधले आठ जण 'सर चांगले आहेत' म्हणाले तर काही सिद्ध होत नाही, त्या दिवशी शेजारच्या वर्गात तास घेणारे एक बाई आल्या आणि काय ऐकलं ते सांगितलं तर होतं.

उलटतपासात भांडू नका. साक्षीदाराला खोटारडा म्हणायची गरज नाही, छोटे प्रश्न विचारा, तुम्ही कुठं उभे होता, किती वाजले होते, हे तुम्ही तक्रारीत पहिल्यांदा कधी लिहिलं, ही तक्रार तुमच्या हस्ताक्षरात आहे का. उत्तर आलं की थांबा, त्याच्यावर भाषण करू नका.

आणि रोजनामा. बैठक संपली की कागद पुढं येतो, सगळ्यांना घरी जायची घाई असते, आणि तुम्ही न वाचता सही करता. बसा, वाचा. साक्षीदार म्हणाला होता 'मी बघितलं नाही, ऐकलं' आणि कागदावर असतं 'साक्षीदाराने घटनेस दुजोरा दिला'. हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि ते त्याच मिनिटाला दुरुस्त होऊ शकतं, दुसऱ्या दिवशी नाही. दुरुस्त करत नसतील तर सही करायच्या जागीच वर लिहा की अमुक उत्तर असं नोंदवलंय, साक्षीदार प्रत्यक्षात असं म्हणाला, आणि मग सही. प्रत मागा. शक्य असेल तर घरी येऊन वहीत त्या दिवसाचं सगळं लिहून काढा, कोण आलं, किती वाजता सुरू झालं.

चौकशी साधारण १२० दिवसांत पूर्ण व्हायची असते, पहिल्या बैठकीपासून किंवा निलंबनापासून, जे आधी असेल ते. शिक्षण उपसंचालकांची मंजुरी घेऊन मुदत वाढवलेली नसेल तर १२० दिवसांनंतर निलंबन संपतं आणि तुम्ही कामावर परत रुजू झालात असं धरलं जातं, चौकशी पुढं चालली तरी. म्हणून कॅलेंडरवर तो दिवस लाल पेनानं मांडून ठेवा आणि त्यानंतरच्या सकाळी पहिल्या घंटेआधी हजर रिपोर्ट घेऊन शाळेत जा.

सगळं झाल्यावर चौकशीचा सारांश आणि साक्षीच्या प्रती तुम्हाला येतात आणि अजून सात दिवस खुलाशाला मिळतात. थकवा आलेला असतो, बरेच जण हा खुलासा देतच नाहीत. द्या. आधीचा सगळा पुरावा समोर ठेवून बोलायची ही एकच संधी असते.

पोराची तक्रार असेल तर

इथं माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्याशी किंवा विद्यार्थिनीशी असभ्य वागल्याची तक्रार असेल तर ते संस्थेतलं राजकारण म्हणून सुरुवात करू नका आणि कुणी करत असेल तर त्याला साथ देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणं असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखानं कळवलं नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू' म्हणणारा हेडमास्तर स्वतः आरोपी होतो. मारण्याबद्दलही तसंच, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातलीय आणि त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई सांगितलीय. आमच्या वेळी छडी खाऊनच शिकलो हा बचाव होत नाही.

आरोप खोटा असला तरी त्या पोराच्या घरी जायचं नाही, फोन नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, वर्गातल्या ग्रुपवर एक अक्षर नाही. पोरगं साक्षीला आलं तर प्रश्न हळू आवाजात, समितीमार्फत. तुमचा बचाव वेळापत्रक, हजेरी, सीसीटीव्ही आणि मोठ्या माणसांच्या साक्षीतून उभा करा. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं म्हणून ते जपून ठेवायचं पत्र पहिल्याच दिवशी द्या.

पोलीस केस आणि शाळेची चौकशी दोन्ही एकदम चालू शकतात. कोर्टात गुन्हा संशयापलीकडं सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत घडल्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरते, त्यामुळं कोर्टातनं सुटलो म्हणजे नोकरी आपोआप परत असं नसतं. दोन्हीकडं तेच आरोप, तेच साक्षीदार असतील तर चौकशीत काय बोलायचं ते आधी वकिलाला दाखवून घ्या.

ऑर्डर आल्यावर

समितीचा निर्णय तुम्हाला आणि शिक्षणाधिकाऱ्यांनाही जातो, आणि संस्थेनं त्याप्रमाणं सात दिवसांत ऑर्डर काढायची असते. सेवासमाप्ती किंवा पदावनतीची ऑर्डर मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, ते आपल्या कोल्हापुरातच आहे. तीस दिवस म्हणजे तीस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण 'अध्यक्षसाहेब म्हणाले होते बघू' हे कारण नव्हे. नुसत्या निलंबनावर किंवा किरकोळ शिक्षेवर तिथं अपील होत नाही, त्याला शिक्षणाधिकारी आणि गरज पडली तर हायकोर्ट. वकील शाळांच्या केसेस चालवणाराच बघा, आणि त्याच्याकडं जाताना तारखेप्रमाणं लावलेली फाईल न्या, वर एका पानावर तारखांची यादी.

न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायचा, मागचा पगार द्यायचा किंवा शिक्षा कमी करायचा आदेश देऊ शकतं. मागच्या पगाराबद्दल एक महत्त्वाचं, चुकीच्या पद्धतीनं काढलं असेल तर पूर्ण मागचा पगार हा साधारण नियम आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगितलं. पण मधल्या काळात दुसरीकडं पगारी नोकरी नव्हती हे तुम्ही अपिलात लिहिलं पाहिजे, बरेच जण ती ओळच लिहीत नाहीत.

न्यायाधिकरणाच्या वर हायकोर्ट. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, रात्रीची गाडी, लॉजचा खर्च, आणि तारीख पडली की परत. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच सुरू झालंय, भाऊसिंगजी रोडला सीपीआर दवाखान्याजवळ, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पैसे नाहीत म्हणून हायकोर्ट सोडून देणारे शिक्षक मला माहीत आहेत, त्यांच्यासारख्यांना आता एसटीनं सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं.

निकाल तुमच्या बाजूनं लागला तर सर्टिफाइड कॉपी हातात आल्या दिवशीच हजर रिपोर्ट घेऊन शाळेत जा, दोन प्रती, एकीवर पोच. मस्टरवर सही करू दिली नाही तर तिथंच तारीख वेळ घालून तसं लिहा, आणि शाळा सुटायच्या आत एक पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या आवकला पोचवा. आदेश आहे, हजर झालो, घेतलं नाही. त्या पत्राचा आवक नंबर तुमच्या वकिलाला त्याच संध्याकाळी कळवा.